युद्धकाळातली स्केचेस : कोणी काढली, कोणी काढवून घेतली?

रेषाटन

युद्धचित्र म्हटलं की हमखास भलंमोठं तैलचित्र आठवतं. धूर, घोडे, झेंडा, मधोमध सेनापती. त्याबद्दल इथे बोलायचं नाहीये. बोलायचंय ते वहीच्या पानाएवढ्या कागदांबद्दल. लढाई चालू असताना पेन्सिलीने, कोळशाने, मिळेल त्या शाईने काढलेले हे कागद आज लष्करी आणि हवाई दलांच्या संग्रहांत जपून ठेवलेले आहेत. लंडनचं इंपीरियल वॉर म्युझियम, हेंडनचं रॉयल एअर फोर्स म्युझियम, कॅनबेराचं ऑस्ट्रेलियन वॉर मेमोरियल, शिवाय अमेरिकेच्या लष्कर, नौदल आणि हवाई दलाचे आपापले कलासंग्रह. यातलं बरंचसं आता घरबसल्या बघता येतं.

बघता बघता माझं एक मत बनलंय, ते मांडतो. झोडपायला सगळे मोकळे आहेत. चित्र किती छान आहे हे नंतर बघावं. आधी विचारावं की ते काढवून कोणी घेतलं? सरकारने, डॉक्टरने, तोफखान्याने, की कोणीच नाही? याचं उत्तर मिळालं की चित्रात काय आहे आणि काय गाळलंय, दोन्ही दिसायला लागतं.

सरकारी बाजू आधी. ब्रिटनने पहिला अधिकृत युद्धचित्रकार नेमला तो १९१६ साली, म्यूरहेड बोन. ऑगस्टमध्ये तो फ्रान्सला पोचला तेव्हा पहिल्या महायुद्धातली सोम नदीकाठची लढाई ऐन भरात होती. थोड्याच आठवड्यांत त्याने दीडशेच्या आसपास चित्रं केली. हात असा की पडक्या भिंतीतली वीट न् वीट मोजून घ्यावी. पण सरकारला हवी होती प्रसिद्धी, त्यामुळे प्रेतं शोधावी लागतात. १९३९ मध्ये नॅशनल गॅलरीचा संचालक केनेथ क्लार्क याच्या पुढाकाराने युद्धचित्रकारांची सल्लागार समिती झाली. युद्ध संपेपर्यंत तिच्याकडे चारशेहून जास्त चित्रकारांची साडेपाच हजारांवर चित्रं जमली. चांगले चित्रकार युद्धात हकनाक मरू नयेत हाही यामागचा एक हेतू होता, हे क्लार्कने पुढे मान्य केलं. तरी तिघे गेलेच. एरिक रॅव्हिलियस आइसलंडला नुकता पोचला होता. एक विमान बेपत्ता झालं, त्याच्या शोधाला निघालेल्या हडसन विमानात तो बसला आणि २ सप्टेंबर १९४२ ला तेही परतलं नाही.

आता दुसरं टोक. रोनाल्ड सर्ल हा तरुण चित्रकार फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडल्यावर जपान्यांच्या हाती लागला. सिंगापूरची चांगी कैदछावणी, मग सयाम-ब्रह्मदेश रेल्वेचं काम, मग पुन्हा चांगी. तो काढत राहिला आणि कागद लपवायचा कुठे, तर पटकीने मरायला टेकलेल्या सोबत्यांच्या अंथरुणाखाली, कारण पहारेकरी तिथे फिरकत नसत. तीनशेच्या आसपास चित्रं वाचली, ती आता इंपीरियल वॉर म्युझियममध्ये आहेत. म्हणजे बोन आणि सर्ल एकाच संस्थेच्या सूचीत शेजारी! माध्यम, आकार, साल, क्रमांक. सूचीला फरक कळत नाही, तो बघणाऱ्यालाच करावा लागतो.

कोणाला अशी आणखी उदाहरणं ठाऊक असतील तर लिहा.

बोरू

वा, बऱ्याच दिवसांनी असा धागा. वाचनखूण साठवली आहे. सर्लचं पुढे व्यंगचित्रकार म्हणून मोठं नाव झालं, पण ती कैदेतली चित्रं बघितली की हा तोच माणूस का असं वाटतं.

तोफखाना

तुमच्या यादीत 'तोफखाना' हा शब्द आला म्हणून राहवलं नाही. (सदस्यनाम बघा!)

चित्र काढणं हे एके काळी अधिकाऱ्याच्या शिक्षणातच होतं. वुलिचच्या रॉयल मिलिटरी अकॅडमीत पॉल सँडबी हा नावाजलेला जलरंगकार १७६८ पासून जवळजवळ तीस वर्षं चित्रकला शिकवत होता. तोफा चालवणाऱ्या पोरांना निसर्गचित्र कशाला? तर फोटोच नव्हता. समोरचा डोंगर, नदीचा उतार, पुलाची जागा हे कागदावर आणता आलं नाही तर मागे बसलेल्या सेनापतीला कळणार कसं?

पहिल्या महायुद्धात याचंच पुढचं रूप म्हणजे निरीक्षण चौकीवरून काढलेले पॅनोरमा. लांबलचक पट्ट्या, अख्खं क्षितिज त्यावर. यांची रीत मोठी मजेदार आहे. पट्टीला दोरी बांधायची, दोरीचं टोक दातांत धरायचं आणि पट्टी ताणून डोळ्यांसमोर आणायची, म्हणजे दर वेळी अंतर तेवढंच राहतं. ५७ सेंटिमीटरवर पट्टी धरली तर तिच्यावरचा १ सेंटिमीटर म्हणजे जवळपास बरोबर १ अंश. मग चर्चचा कळस अमुक अंशावर, एकटं झाड तमुक अंशावर, असं मोजून कागदावर खुणा करायच्या आणि त्या खुणांमध्ये रेषा भरायच्या. उंची मात्र मुद्दाम दुप्पट दाखवायची, कारण दुरून टेकड्या इतक्या चपट्या दिसतात की खऱ्या प्रमाणात काढल्या तर एकीची दुसरीपासून ओळख पटत नाही. जवळचं गवत, झुडपं, ढग सगळं गाळायचं. छायाप्रकाश नकोच.

त्यामुळे हे बघताना कोणी 'काय रुक्ष चित्र आहे' म्हणालं तर ते बरोबरच आहे. तसंच ते हवं होतं. आणि एवढं असूनही काहींचा हात लपत नाही. एड्रियन हिल हा टेहळणी आणि नेमबाजांच्या तुकडीत होता, दोन्ही खंदकांमधल्या ओसाड पट्ट्यात जाऊन शत्रूच्या जागांची स्केचेस आणायचं त्याचं काम. पुढे तो अधिकृत युद्धचित्रकार झाला. आजारी माणसांना चित्रकलेने उभारी देण्याची चळवळ पुढे याच माणसाने इंग्लंडमध्ये सुरू केली, हे जाता जाता.

शंकेखोर

सगळं ठीक आहे, पण १९१४ ला कॅमेरा होता. १९४० ला तर उत्तम होता. मग सरकारं चित्रकारांवर पैसे का घालवत होती? मला तरी हा कलावंतांच्या सोयीचा मामला वाटतो. क्लार्कने तसं कबूलही केलंय म्हणता.

बोरू

@शंकेखोर, कॅमेरा होता पण सैनिकाच्या हातात नव्हता. पश्चिम आघाडीवर ब्रिटिश सैनिकांना स्वतःचे कॅमेरे बाळगायला लवकरच बंदी झाली. वही-पेन्सिल कोण काढून घेणार? म्हणून साध्या शिपायांच्या डायऱ्यांत इतकी चित्रं सापडतात. देशात मात्र उलट गंमत. लष्करी ठिकाणांच्या आसपास स्केचबुक घेऊन बसलात तर हेर म्हणून उचलतील, अधिकृत चित्रकारालाही परवाना खिशात ठेवावा लागे.

दुसरं, रंग. हेन्री टाँक्स हा मुळात शल्यविशारद, नंतर लंडनच्या स्लेड कलाशाळेत शिक्षक. १९१६ मध्ये ऑल्डरशॉटच्या लष्करी इस्पितळात हॅरल्ड गिलीज चेहऱ्याच्या जखमांवर शस्त्रक्रिया करत होता, तिथे टाँक्सने त्या सैनिकांची पेस्टलमध्ये चित्रं केली. शस्त्रक्रियेच्या आधीची आणि नंतरची. काळ्यापांढऱ्या फोटोत सूज कुठली, नवी कातडी कुठली, हे कळत नाही. पेस्टलमध्ये कळतं. ही चित्रं रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सकडे आहेत. बघायची तर मन घट्ट करून बघा. जबडा उडालेला माणूस तुमच्याकडे सरळ बघत असतो आणि टाँक्सने त्याची नजर इतकी नीट पकडलीय की ते चित्र निव्वळ वैद्यकीय नोंद राहत नाही. टाँक्सला स्वतःला ती चारचौघांत मांडलेली नको होती.

तिसरं, कॅमेऱ्याला आत शिरता येत नाही. 'फ्लाइट' साप्ताहिकात मॅक्स मिलर विमानाचं कवच जागोजाग उघडून आतले सांगाडे, इंधनाच्या टाक्या, नळ्या, तारा सगळं एका चित्रात दाखवायचा. असा फोटो काढायचा तर विमान करवतीने कापावं लागेल.

शंकेखोर

तिसरा मुद्दा मान्य. पहिल्याबद्दलही फार भांडत नाही. पण मग अधिकृत चित्रकारांच्या तैलचित्रांचं काय? त्यांना कॅमेरा मिळाला असता की.

मुक्तछंद

रेषाटन, तुमचा प्रश्न चांगला आहे, पण माझ्या मते 'कोणी काढवून घेतलं' यापेक्षा 'कुठे बसून काढलं' हे जास्त महत्त्वाचं. आपण स्केच दिसलं की ते जागेवरचंच धरतो. हेन्री मूरची भुयारी रेल्वेतल्या लोकांची चित्रं घ्या. १९४०-४१, लंडनवर रोज बाँब पडतायत, फलाटांवर ओळीने माणसं झोपलीयत. मेणाच्या खडूवर जलरंगाचा हात फिरवला की मेण पाणी झटकतं, त्यातून त्या पांघरलेल्या आकृत्या भुतासारख्या वर येतात. बघणाऱ्याला वाटतं हा तिथेच कोपऱ्यात बसून काढतोय. तसं नाही. झोपलेल्या, उघड्यावर पडलेल्या माणसांसमोर वही उघडणं त्याला असभ्य वाटे. तो चिठोऱ्यावर चार शब्द टिपायचा आणि घरी जाऊन आठवणीतून काढायचा.

टॉम ली हा अमेरिकन चित्रकार सप्टेंबर १९४४ मध्ये मरीन सैनिकांबरोबर पेलेलिउ बेटावर उतरला. गोळ्या चुकवायच्या आणि दिसेल ते डोक्यात साठवायचं, पहिल्या दिवशी याहून जास्त शक्यच नव्हतं. कागद नंतर.

आणि सगळ्यात चटका लावणारं उदाहरण स्टेला बोवेनचं. १९४४ च्या एप्रिलमध्ये ती ऑस्ट्रेलियाची अधिकृत चित्रकार म्हणून इंग्लंडमधल्या बिनब्रुक तळावर एका लँकेस्टर बाँबफेकी विमानाच्या सात जणांची स्केचेस करत होती. २७ एप्रिलच्या रात्री ते फ्रीडरिक्सहाफेनवर गेले आणि विमान पडलं. तिने स्केचेस आणि फोटो समोर ठेवून चित्र पुरं केलं. नंतर कळलं की सातातला एक वाचलाय, युद्धकैदी आहे. ते चित्र कॅनबेराला आहे. सातही चेहरे समोरून, एकमेकांना चिकटून. शंकेखोर, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला इथे मिळतं. फोटो तिच्याकडे होतेच की. पण सात माणसं एका विमानाचे भाग असावेत तशी दिसतात, ते तिने जुळवलेलं आहे.

रेषाटन

@तोफखाना, दातांतली दोरी मस्तच! असलंच काहीतरी हवं होतं.

@मुक्तछंद, 'कुठे बसून' हा प्रश्न मला पटतो, पण त्याने माझा प्रश्न मोडत नाही. बोवेनला ते चित्र पुरं करावंच लागलं, कारण ते सरकारने सांगितलेलं काम होतं.

विमानांच्या बाबतीत मात्र तुमचा प्रश्न फार मजेदार होतो. सिडनी कार्लाइन हा पहिल्या महायुद्धात स्वतः वैमानिक. इटलीच्या आघाडीवर सॉपविथ कॅमल विमानातून त्याने हवेतच स्केचेस केली. उघडं कॉकपिट, एक हात दांडीवर, थंडीने बोटं वाकडी, आणि हा पेन्सिल चालवतोय. त्या स्केचेसवरून केलेल्या चित्रांत क्षितिज तिरकं आहे, डोंगर पायाखालून सरकतायत. याआधी चित्रकाराला हा कोन क्वचितच मिळाला होता. आणि दुसऱ्या महायुद्धात हवाई खात्याने नेमलेला पॉल नॅश? दम्यामुळे त्याला विमानातून नेलंच नाही. त्याने ऑक्सफर्डजवळ काउलीला पाडलेल्या जर्मन विमानांच्या भंगाराचा ढीग बघितला, फोटो काढले, रेखाटनं केली आणि त्यातून मोडक्या पंखांच्या लाटांचा समुद्र उभा केला. ते चित्र आता टेट गॅलरीत आहे. म्हणजे हवाई युद्धाचं बहुधा सर्वांत गाजलेलं चित्र जमिनीवर पाय रोवून केलेलं आहे.

अनघा_क

हवाई दलाच्या युद्धकैद्यांचा विषय कसा आला नाही अजून? जर्मन छावण्यांतल्या दोस्त राष्ट्रांच्या कैद्यांना वायएमसीए या ख्रिस्ती युवक संघटनेने जिनिव्हाहून कोऱ्या वह्या पाठवल्या, 'वॉरटाइम लॉग' छापलेल्या. वैमानिकांना छावणीत करायला काहीच नसे, त्यामुळे या वह्या भरभरून रंगल्या. बराकी, तीनमजली खाटा, टेहळणीचे मनोरे, विमानाच्या नाकावरची चित्रं, आणि खाण्याचं तर विचारू नका. पानंच्या पानं केक आणि भाजलेली कोंबडी! उपाशी माणूस काय काढणार. सिगरेटच्या पाकिटांचे कागदसुद्धा डकवलेले असतात. कोलोराडोतल्या अमेरिकन हवाई दल अकादमीच्या ग्रंथालयात श्टालाग लुफ्ट ३ या छावणीचा मोठा संग्रह आहे.

त्याच छावणीतून मार्च १९४४ मध्ये भुयारातून ७६ जण पळाले, पकडलेल्यांपैकी ५० जणांना गोळ्या घातल्या. पळायला कागदपत्रं लागतात, आणि छापखाना नाही, म्हणून चित्रकारांनी छापील अक्षरं ब्रशने एकेक करून काढली. रेषाटन, तुमच्या प्रश्नात हेही बसवा: काढवून घेणारी पलायन समिती! त्या बनावट कागद करणाऱ्यांतलाच एक, ली केन्यन. त्याने 'हॅरी' नावाच्या त्या पलायनाच्या भुयाराच्या आतली चित्रं करून ठेवली. आडवा पडून ट्रॉलीवरून सरकणारा माणूस, चरबीच्या दिव्याचा उजेड, खाटांच्या फळ्यांचा आधार. ही चित्रं 'डिक' नावाच्या सोडून दिलेल्या भुयारात दडवली होती, म्हणून वाचली. आज भुयार आतून कसं होतं हे सांगताना सगळे तीच वापरतात.

जुनापाना

+१. कैद्यांत जॅक चॉकर राहिला. तोही सयाम-ब्रह्मदेश रेल्वेवर. तिथे 'वेअरी' डनलॉप या ऑस्ट्रेलियन शल्यविशारदासाठी त्याने पायांवरच्या कुजणाऱ्या व्रणांची, बांबूपासून बनवलेल्या उपकरणांची चित्रं केली. एकदा पहारेकऱ्याला कागद सापडले तेव्हा बेदम मार खाल्ला, तरी थांबला नाही. बांबूच्या नळकांड्यात घालून पुरायचा. म्हणजे डॉक्टरने काढवून घेतलेलं आणि लपवलेलं, दोन्ही एकाच कागदावर. तुमची दोन टोकं इथे एकत्र येतात.

मला एक विचारायचंय. दोन्ही युद्धांत हिंदुस्थानी सैनिक लाखोंनी होते. त्यांची चित्रं?

बोरू

आहेत. १९१४ च्या शरद ऋतूत हिंदी पलटणी मार्सेयला उतरल्या तेव्हा मासिया बिबिकॉफ या तरुण चित्रकर्तीने तळावर जाऊन त्यांची खूप रेखाटनं केली. दुसऱ्या महायुद्धात अँथनी ग्रॉस अधिकृत चित्रकार म्हणून १९४३ मध्ये हिंदुस्थान-ब्रह्मदेश आघाडीवर होता, त्याची पेन आणि जलरंगातली चित्रं इंपीरियल वॉर म्युझियममध्ये बघता येतात.

एक गोष्ट खटकते. १९४० मध्ये कथबर्ट ऑर्डने केलेली ब्रिटनच्या लढाईतल्या वैमानिकांची कोळशातली व्यक्तिचित्रं बघा: हुद्दा, नाव, तारीख. इकडे मथळ्यात बऱ्याचदा नुसतं 'शीख शिपाई', 'गुरखा'. चेहरा अगदी त्या एका माणसाचा, नाव मात्र जातीचं.

रेषाटन

बोरू, नेमकं. आणि ज्याला काढवून घेणारा कोणीच नव्हता ते लष्करी संग्रहात येतच नाही, हेही यातच आलं. १९४३ चा बंगालचा दुष्काळ युद्धाचाच भाग होता. झैनुल आबेदिन यांनी स्वस्तातल्या जाड्याभरड्या कागदावर काळ्या शाईने फुटपाथवर मरणारी माणसं काढली. चित्तप्रसाद मिदनापूरभर फिरले, रेखाटनांची पुस्तिका काढली, तर इंग्रज सरकारने प्रती जप्त करून नष्ट केल्या. त्याच वर्षी तेच सरकार ग्रॉसला प्रवासखर्च देत होतं.

शंकेखोर

आता पटलं. जिंकलेल्यांनी हरलेल्यांची चित्रं उचलून नेली त्याचंही लिहा कोणीतरी.

मुक्तछंद

जर्मन सैन्यातल्या चित्रकारांची नऊ हजारांच्या आसपास चित्रं कॅप्टन गॉर्डन गिल्की या अमेरिकन अधिकाऱ्याने शोधून गोळा केली आणि अमेरिकेला नेली. त्यांतली बरीचशी १९८६ मध्ये परत गेली, नाझी प्रचाराची म्हणून काही शेकडा अमेरिकी लष्कराने ठेवून घेतली. जपानची १५३ युद्धचित्रं अशीच नेली होती. ती १९७० मध्ये टोकियोच्या नॅशनल म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टकडे आली, पण परत केली असं नाही, 'बेमुदत उसनी' दिली! शिक्का आजही तोच. चित्र काढणारा जपानी, काढवून घेणारं जपानी सैन्य, मालक अमेरिका. रेषाटन, प्रश्नपत्रिकेत एक ओळ वाढवा.

अनघा_क

थोडं अवांतर. एका नातेवाइकांकडे सैन्यातल्या पणजोबांची छोटी वही आहे, पेन्सिलीची चित्रं. काही ठिकाणी जांभळे डाग आलेत आणि मधली पाने एकमेकांना चिकटलीत. त्यांना वही ओल्या कापसाने पुसून लॅमिनेट करायचीय. करू द्यावं का?

जुनापाना

नको नको नको! ताई, आधी त्यांना फोन करा.

जांभळे डाग म्हणजे बहुतेक कॉपिंग पेन्सिल. तिच्या शिशात अ‍ॅनिलिन रंग मिसळलेला असे. कोरडं लिहिलं तर करडं दिसतं, ओलं झालं की जांभळी शाई. दौत न बाळगता पक्कं लिहिता येई म्हणून सैनिकांत ती फार चाले. ओला कापूस फिरवलात की अख्खं पान जांभळं होईल आणि ते कशानेही निघत नाही. चिकटलेली पानं वाफ देऊन सोडवण्याचे घरगुती उपाय याच कारणाने बाद, ते काम कागद-जतन करणाऱ्या जाणकाराचं. लॅमिनेशनची उष्णता आणि गोंद कागदातून परत काढता येत नाही. चिकटपट्टीही नको, काही वर्षांत ती तपकिरी होऊन कागद खाते.

आम्लमुक्त कागदात गुंडाळून, आम्लमुक्त खोक्यात आडवी ठेवा. कोळसा किंवा पेस्टल असेल तर प्लॅस्टिकच्या पाकिटात अजिबात नको, स्थिर विजेने भुकटी प्लॅस्टिकलाच चिकटते. गंजलेल्या टाचण्या असतील तर ओढून काढू नका. फोटो काढून घ्या, फ्लॅश न वापरता, पानांचा क्रम न बदलता, कोरी पानं आणि मलपृष्ठसुद्धा. फ्रेम करून भिंतीवर लावायची हौस असेल तर फोटोची छापील प्रत लावा. संग्रहालयंसुद्धा असे कागद ५० लक्सच्या आसपासच्या मंद उजेडात आणि थोडेच महिने मांडतात.

तोफखाना

आणि त्या चित्रांत क्षितिजाच्या वर आकडे किंवा उभ्या रेघा दिसल्या तर इथे फोटो टाका, अंश आहेत का ते बघून सांगतो.

अनघा_क

फोन केला. लॅमिनेशन थांबलंय. आकडे आहेत म्हणाल्या, दोन पानांवर, आणि एका टेकडीला बाण दाखवून काहीतरी मोडीत लिहिलंय. फोटो मागवलेत. मोडी कोणाला वाचता येते का?